शुक्रवारची शिट्टी

बालवर्गाच्या बाईंचा एक नेम होता. सकाळी चूळ भरल्यावर, चहाचा घोट घशाखाली उतरण्याआधी, वर्गातली एक्केचाळीस मुलं एकेक करून देवाच्या कानावर घालायची. मागणं काही नाही. हा टिंबू, ही चिमणी, ही दोरी; याचा पुढचा दात पडलाय, हिच्या घरी नवं भावंड आलंय, एवढंच. पाहुण्यांची ओळख करून द्यावी तसं.

नणंद त्यावरून त्यांना चिडवायची. "देवाला काय ठाऊक नाहीत होय ही पोरं? त्यानंच धाडलीत ना?"

"धाडलीत त्यानं, पण सांभाळायला माझ्याकडे दिलीत, वन्सं. ज्याची ठेव त्याला रोज दाखवलेली बरी."

आता दहा दिवस झाले, बाई हा नेम माळ्यावरच्या खोलीत एकट्याच करत होत्या. खाली घराच्या दारावर, इथं साथीचा रोग आहे असं सांगणारा पिवळा कागद चिकटवला होता. माळ्याच्या दारात कार्बोलिकच्या जंतुनाशक पाण्यात बुडवलेली चादर टांगली होती. वारा आला की ती पोटात श्वास भरल्यासारखी फुगायची आणि मग हळूच सैल पडायची. बाई खाटेवर पडून तिच्याकडे बघत राहायच्या. कधीकधी त्यांना वाटायचं, आपण कुठल्याशा मोठ्या, दमलेल्या जनावराच्या कुशीत आहोत आणि तेच आपल्यासाठी श्वास घेतंय.

आजारी म्हणावं तर त्यांना काही झालेलं नव्हतं. ताप नाही, घसा दुखत नाही, भूक जशीच्या तशी. सुट्टीत दोन दिवस घसा धरला होता, गरम पाण्याच्या गुळण्यांनी गेला, त्या विसरूनही गेल्या. पण शाळा सुरू झाल्यावर महिन्याभरात बालवर्गात घटसर्प शिरला. आधी टिंबू. वर्गात सगळ्यात लहान, बाकावर बसला की पाय अधांतरी लोंबायचे. घोड्याच्या रक्तापासून केलेलं औषध त्याच्यापर्यंत पोचायला एक दिवस उशीर झाला, आणि टिंबू गेला. मग चिमणी, तिच्या गळ्यात श्वासासाठी नळी घालावी लागली. मग दोरी. तेव्हा शाळा तीन दिवस बंद ठेवली. बाकं, पाट्या, दारांच्या कड्या, पाण्याचं पिंप, सगळं कार्बोलिकनं धुऊन काढलं, आणि कापसाचा बोळा लावलेली तार प्रत्येकाच्या घशातून फिरवून नमुने काचेच्या नळ्यांत घालून तपासायला पाठवले.

अडतीस निर्मळ आले. एकाच नळीत जंतू सापडले, आणि ती नळी बाईंची होती.

ही बातमी नणंदेनंच वर्गात आणली. ती गावच्या आरोग्य खात्याची नर्स. घरोघर फिरून घसे बघणं आणि पिवळे कागद चिकटवणं हेच तिचं काम. फळ्यापाशी उभ्या असलेल्या वहिनीच्या कानाशी न जाता, चार हात लांबूनच ती म्हणाली, "वहिनी, तुम्हांला काही होणार नाही. पण तुमच्यापासून होतंय. घरी चला."

बाईंनी हातातला खडू ठेवला. गळ्यातली पितळी शिट्टी काढून फळ्याशेजारच्या खिळ्याला अडकवली, आणि मुलांना म्हणाल्या, "ही इथंच राहू दे. हिला न्यायला मला परत यावंच लागेल."

शिट्टी त्यांच्या वडिलांची. ते कवायतीचे मास्तर. त्यांचा आवाज तोफेसारखा, आणि लेकीचा असा मऊ की तिसऱ्या बाकापर्यंत पोचता पोचता विरून जायचा. म्हणून बाई कामं खुणांनी आणि शिट्टीनं चालवायच्या. दोन्ही तळवे छातीपाशी उघडून धरले की "हात दाखवा". ही खूण दिसली की हातात काय असेल ते, पाटी, पाव, पुढच्या मुलीची वेणी, तिथल्या तिथं सोडायचं आणि दोन्ही तळवे वर. मागं राहील तो बाद. खेळच होता तो मुलांचा. रस्त्यात बाई दिसल्या तरी पोरं हात वर करून उभी राहायची, आणि लोकांना वाटायचं इथं दरोडाबिरोडा पडलाय की काय.

माळ्याची खिडकी शाळेच्या पटांगणावर उघडायची. तिची काच जुनी, लाटालाटांची. त्या काचेतून मुलं पळताना दिसत नसत, पोहताना दिसत. एकाचं डोकं लांब व्हायचं, एकीचे पाय तुटून पुन्हा जोडले जायचे. गलका यायचा तोही पाण्याखालून आल्यासारखा. बाई तासन् तास ते बघत बसायच्या. पुष्कळदा डोळा लागायचा आणि स्वप्नातही तेच पटांगण असायचं, फक्त त्यात टिंबूचे पाय जमिनीला टेकलेले असायचे.

सलग तीन नमुने निर्मळ आले की वर्गात परत. एक परवा निर्मळ आला होता. बाईंना दुसरं काही नको होतं. उरलेले दोन, आणि खिडकीच्या पलीकडे जाणं, बस.

त्या शुक्रवारी साडेअकराच्या सुमारास नणंद वर आली. चादर बाजूला करून तिनं तार आत घातली, "आ" करायला लावलं, नळीला बूच मारलं, हात धुतले, आणि चादरीच्या पलीकडे वरच्या पायरीवर फतकल मारून बसली. ती अशी बसली की काहीतरी बोचत असायचं.

"तुमच्या भाचीनं आज उच्छाद मांडलाय," ती म्हणाली. भाची म्हणजे तिची लेक मनी, बालवर्गातच होती; घरात मामी आणि शाळेत बाई, अशी दोन्ही हाकांची तिची तारांबळ उडायची. "पहाटेपासून कपाटाची किल्ली तोंडात धरून फुंकतेय. नखं तर अशी घासलीत, आता कातडीच निघायची. म्हणे आज शिट्टीची पाळी माझीच."

बाई हसल्या. "येईल तिची. सबंध आठवडा हात स्वच्छ ठेवलेत तिनं?"

"ठेवलेत बाई. तुमच्या जागी आलेल्या त्या नव्या बाईसुद्धा मोठ्या काटेकोर. आवाज मात्र असा मोठा की आमच्या कचेरीत बसूनही नखं दाखवावीशी वाटतात."

तेवढं बोलून नणंदेनं नळी पिशवीत ठेवली. मग नुसतीच, स्वतःशी बोलावं तशी म्हणाली, "गोटीला काल रुग्णालयात नेला."

चादर फुगली आणि सैल पडली.

"गोटी?" बाईंनी विचारलं. "पण मी तर इथं आहे."

"तेच ना! तुम्ही इथं कोंडलेल्या. वर्ग धुतलेला. गोटीचा घसा दहा दिवसांपूर्वी निर्मळ. मग कुठून आलं? डॉक्टर म्हणतात दूध बघा. दूध बघितलं. पाणी बघितलं. आणि वहिनी, यातली गंमत बघा, गंमत कसली म्हणा... नाकाला सदा शेंबूड, हाताला चिखल, अशी कार्टी ठणठणीत आहेत. आजारी पडतंय ते कोण? तर वर्गातली सगळ्यात स्वच्छ पोरं. टिंबू काय, दोरी काय. मी घरोघर जाऊन हात धुवा म्हणून घसा कोरडा करते, आणि जे ऐकतात तेच आडवे होतात. लोक तोंडावर हसायला लागलेत माझ्या."

ती उठली. अजून नऊ घरं बघायची होती. तिच्या बुटांचा आवाज जिन्यावरून खाली खाली गेला, आणि मग रस्त्यात मिसळून गेला.

बाई खाटेवर बसल्या. गोटीसाठी वेगळं काही करता येत नव्हतं, म्हणून त्यांनी हात जोडून आजारी मुलांची नावं पुन्हा घेतली. टिंबू. चिमणी. दोरी. गोटी.

आणि जीभ आपोआप पुढं गेली, मनी.

बाई दचकल्या. मनीचं नाव कसं आलं? मनी तर धडधाकट होती. त्यांनी पुन्हा म्हणून बघितलं. टिंबू, चिमणी, दोरी, गोटी... हा बाकांचा क्रम नव्हता. हजेरीचा नव्हता, गल्ल्यांचाही नव्हता. पण जिभेला तो पाठ होता, पायाला जिना पाठ असतो तसा.

डोळे मिटलेलेच होते. त्या मिटल्या डोळ्यांपुढं पटांगणातली दगडी पायरी आली, उन्हात तापलेली. तिच्यावर टिंबू उभा. आठवडाभर ज्याचे हात सगळ्यात स्वच्छ, त्यानं शुक्रवारी शाळा सुटताना बाईंची शिट्टी वाजवायची. आरोग्य खात्याचं पत्रक आलं होतं, मुलांना स्वच्छतेची गोडी लावा, तेव्हा हे बक्षीस बाईंनीच काढलं होतं. टिंबूनं गाल फुगवून अशी फुंकर मारली होती की छपरावरची कबुतरं भर्रकन उडाली. पुढच्या शुक्रवारी चिमणी. तिची शिट्टी आधी हवा, मग आवाज. मग दोरी, लांबलचक, वर्ग कंटाळेपर्यंत. प्रत्येक वेळी गळ्यातून काढून त्या ती पोराच्या हातात द्यायच्या. आपल्या ओठांवरून थेट त्यांच्या ओठांवर. बाकं धुतली, पाट्या धुतल्या, तेव्हा शिट्टी कुठं होती? गळ्यात होती.

आणि गेल्या शुक्रवारी याच खिडकीशी बसून त्यांनी ती ऐकली होती. दोन आखूड फुंकरी आणि एक लांब. गोटी, त्या मनात म्हणाल्या होत्या, आणि इतकं बरं वाटलं होतं त्यांना. पोरांनी आपली रीत मोडली नाही म्हणून.

पलीकडे शाळेची बाराची घंटा झाली. बालवर्ग बाराला सुटायचा.

बाई दाराकडे धावल्या. चादर हाताला लागली, ओली, गार, आणि त्या तिथंच थांबल्या. जिना उतरायचा, गल्ली ओलांडायची, पटांगणात शिरायचं, आणि मग? सगळी पोरं "बाई, बाई" करत अंगावर धावून येणार. कमरेला मिठ्या मारणार, हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवणार. दहा दिवस याच मिठ्यांची स्वप्नं पडत होती. घशात अजून काय आहे आणि काय नाही, ते त्या काचेच्या नळीला ठाऊक.

त्या मागं फिरल्या आणि खिडकी उघडली.

लाटांची काच बाजूला होताच पटांगण एकदम खरं झालं, टोकदार, उन्हानं पांढरं. मुलं दोन रांगांत उभी होती. दगडी पायरीवर मनी, ताठ, मान वर, वेण्या घट्ट. नव्या बाईंनी खिळ्यावरून आणलेली शिट्टी तिच्या हातात ठेवली. पितळ उन्हात चमकलं.

"मने!" बाईंनी हाक मारली.

ती हाक खिडकीच्या चौकटीवरून जेमतेम खाली उतरली. "मने, नको!" गल्लीतून रिकाम्या पिंपांची गाडी खडखडत चालली होती, त्या खडखडाटात बाईंचा आवाज कापसासारखा उडून गेला. जन्मात कधी त्या ओरडल्या नव्हत्या. आता ओरडायचं ठरवलं तरी घशाला वाट माहीत नव्हती.

मनीनं शिट्टी तोंडाजवळ नेली. पण फुंकण्याआधी तिनं वर बघितलं. मामी खिडकीत असते, हे तिला ठाऊक होतं. आपली शिट्टी मामीनं ऐकायला हवी ना.

बाईंनी दोन्ही तळवे छातीपाशी उघडून धरले.

क्षणभर काहीच हललं नाही. मग मनीच्या बोटांतून शिट्टी सुटली, पायरीवर टण्ण करून आपटली, घरंगळत धुळीत जाऊन थांबली. दोन्ही तळवे वर. रांगेतल्या कुणीतरी तिच्या नजरेमागं बघितलं आणि त्याचेही हात वर गेले. मग सगळ्यांचेच. दप्तरं पडली, पाट्या पडल्या, टोप्या पडल्या. सबंध पटांगणभर तळवे उमलले, खडूनं पांढरे, घासून लाल झालेले, काही काळेकुट्ट. गाडी निघून गेली होती. इतकी शांतता झाली की छपरावर कबुतरं चालताना ऐकू येत होती. बाईंचे डोळे भरून आले, तरी त्यांनी हात खाली घेतले नाहीत. हात खाली आले तर कुणीतरी वाकून ती उचलेल.

"काय झालं हो, बाई?" नव्या बाई गरजल्या. सात घरांच्या खिडक्या उघडल्या.

नव्या बाई खिडकीखाली आल्या तेव्हा बाईंना सांगता आलं. "ती शिट्टी. तिला कुणाचा हात लागू देऊ नका. माझ्या तोंडातली आहे ती. ज्या क्रमानं वाजवली, त्याच क्रमानं पडलीत मुलं आजारी."

नव्या बाईंना समजायला फार वेळ लागला नाही. त्यांनी मनीचा हात धरून तिला बाजूला घेतलं, पिंपाजवळची लोखंडी बादली आणली, शिट्टीवर पालथी घातली आणि तिच्यावर स्वतः बसल्या. "आता हलवून दाखवा मला कुणी," त्या म्हणाल्या. निरोप मिळून नणंद घामाघूम होऊन येईपर्यंत, तासभर, त्या भर उन्हात बादलीवर बसून होत्या.

नणंदेनं चिमट्यानं शिट्टी उचलली, मनीचे हात दोनदा धुतले, आणि मगच वर आली. नेहमीच्या पायरीवर बसली. बाईंनी सगळं सांगितलं, पहिल्या शुक्रवारपासून.

"पत्रक मीच आणून दिलं होतं तुम्हांला," नणंद म्हणाली. "बक्षीस ठेवा म्हणूनही मीच मागं लागले होते." तिनं धुतलेले हात पुन्हा पुसले. "आणि मनीच्या... वहिनी, ओठाला लागलीच होती हो ती."

"वन्सं, मी आता वर्गात पाऊल टाकू नये."

"ते तुम्ही ठरवायचं नाही नि मीही नाही. ते नळ्या ठरवतील. जंतू असले तर तुम्ही देवमाणूस असलात तरी नाही, आणि नसले तर रडत बसलात तरी जावंच लागेल."

"टिंबूच्या आईला सांगायला हवं."

"डॉक्टर म्हणतील, कशाला."

"डॉक्टरांनी तिचा मुलगा शिट्टीसाठी पायरीवर उभा केला नव्हता. मी केला होता."

टिंबूची आई बटणांच्या कारखान्यात कामाला होती. निरोप मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत आली आणि खिडकीखाली उभी राहिली. वर यायची सोय नव्हती. बाईंनी खिडकीतून, आवाज पोचेल एवढं वाकून, एकही शब्द न गाळता सांगितलं. सांगताना त्यांना वाटलं, आता ही दगड उचलेल. उचलावा, असंही वाटलं.

टिंबूची आई खाली मान घालून बोटांनी एप्रनवरचे बटणांचे कण झाडत होती. झाडून संपले तरी झाडत होती.

"त्या शुक्रवारी जेवलाच नाही तो धड," ती म्हणाली. "नुसता सांगत होता. आई, माझ्या एका फुंकरीत सगळी कबुतरं उडाली. सगळी. एकही राहिलं नाही." तिनं वर बघितलं. डोळे कोरडे होते. "खरं होतं का ते?"

"खरं होतं," बाई म्हणाल्या. "सगळी उडाली होती."

"मला वाटलं, वाढवून सांगतोय." तिनं एप्रनची गाठ घट्ट केली. मग म्हणाली, "मी तुम्हांला काही बोलत नाही, बाई. आज नाही. पुढचं मला ठाऊक नाही. पण ती शिट्टी उकळून झाली की मला द्या."

कारखान्याचा भोंगा झाला आणि ती गेली.

नणंदेनं शिट्टी तीनदा उकळली, स्वच्छ फडक्यात गुंडाळली आणि स्वतः नेऊन दिली. बाईंचा दुसरा नमुना निर्मळ आला. तिसऱ्यात पुन्हा काहीतरी दिसलं आणि मोजणी पहिल्यापासून सुरू झाली. दिवस चादरीसारखे फुगत राहिले, सैल पडत राहिले. गोटी बरा होऊन घरी आला. दोरी आली, आणखी लांब झालेली. वर्गात नवं कुणी आजारी पडलं नाही. बाई रोज सकाळी एक्केचाळीस नावं घेत होत्या, पहिलं टिंबूचं, आणि त्याच्यापाशी सगळ्यात जास्त वेळ थांबत होत्या. तिथं त्या काही सांगत नसत. तिथं देवानं काही सांगितलं तर ऐकावं, म्हणून गप्प राहत.

सलग तिसरा निर्मळ नमुना आला तेव्हा झाडांची पानं गळून गेली होती. नणंदेनं चादर काढली, घडी घातली आणि म्हणाली, "चला, हजर व्हा." पिवळा कागद मनीनं दारावरून नखानं खरवडून काढला, आणि त्यात तिची स्वच्छ नखं पार गेली.

वर्गात फळ्याशेजारी रिकामा खिळा होता. पहिल्या बाकावर टिंबूची जागा कुणी घेतली नव्हती. तिच्या शेजारी चिमणी बसली होती, गळ्यावर फडकं बांधून. नळी काढली होती, पण आवाज अजून यायचा होता. बोलली की नुसती कुजबुज.

बारा वाजले. मुलं बाईंकडे बघत राहिली, शिट्टीशिवाय शाळा सुटते कशी, ते बघायला.

"चला घरी," बाई म्हणाल्या, आपल्या नेहमीच्या आवाजात.

ते पहिल्या बाकापर्यंतच पोचलं. चिमणीनं मागं वळून दुसऱ्या बाकाला सांगितलं, "चला घरी," वाऱ्याच्या आवाजात. ऐकू यावं म्हणून दुसरं बाक गप्प झालं. त्यानं तिसऱ्याला सांगितलं, तितक्याच हळू. कुजबुज मागं मागं जात राहिली, बाकांवरून, खिडकीवरून, पार शेवटच्या भिंतीपर्यंत.

दारात उभी असलेली नणंद हलक्या आवाजात म्हणाली, "तोंडाला तोंड लावू नका रे. हातभर लांबून."

मुलं हातभर लांब झाली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली.